बंद पडलेल्या पीसीची रॅम अभ्यासिकेच्या पीसीत टाकायची आहे, कोणी सांगता का?

मानेवाडा_ताई (शनिवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. आमच्या नागपूरच्या मानेवाड्यात वस्तीची एक छोटी अभ्यासिका आहे, समाजभवनाच्या वरच्या खोलीत, वीस-पंचवीस पोरंपोरी बसतात, कोणी एमपीएससी कोणी पोलीस भरती कोणी तलाठी. तिथे दान मिळालेला एक डेस्कटॉप आहे, त्याच्यावर फॉर्म भरणं, हॉलतिकीट काढणं आणि मराठी टायपिंगची प्रॅक्टिस चालते. पण तो इतका हळू झालाय की ब्राउझर उघडला की पाच मिनिटं नुसता गोल फिरत राहतो, परवा एका पोरीचा फॉर्म शेवटच्या तारखेला अर्ध्यातच अटकला आणि ती रडकुंडीला आली. शेवटी दुसऱ्याच्या मोबाईलवरून भरला.
आता माझ्या घरी बाबांचा पीसी पडून आहे. बाबा जॉब टायपिंग करायचे, कोर्टाचे कागद, पोरांचे प्रबंध, लग्नपत्रिका. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये घराजवळच वीज कडाडली आणि तेव्हापासून तो चालूच झाला नाही, दुकानवाले म्हणाले मदरबोर्ड गेला. पण आतमध्ये रॅम चांगली आहे म्हणतात. ती काढून अभ्यासिकेच्या पीसीत टाकता येईल का? मी आजपर्यंत कॅबिनेट उघडलेलं नाही आणि तिथे तो एकच पीसी आहे, तो बिघडला तर पोरांना तोंड दाखवता येणार नाही, म्हणून विचारून राहिली आहे.

संत्रावाडी (शनिवार, रात्री ९:५५)
ताई टेन्शन घेऊ नका, पाच मिनिटांचं काम आहे. दोन्ही डेस्कटॉप आहेत ना, मग रॅम सारखीच असते, लांब पट्टी असते, दोन्ही बाजूंच्या खटक्या उघडायच्या, काढायची आणि तिकडे दाबायची. झालं.

बर्डीचा_भाऊ (शनिवार, रात्री १०:२०)
संत्रावाडी भाऊ, थांबा थोडं, सारखी नसते. मी अठरा वर्षं हेच काम करून राहिलोय, बर्डीवर बसतो, आणि "लांब पट्टी आहे म्हणून दाबली" अशा केसेस दर महिन्याला येतात. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर२, डीडीआर३ अशा. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोघींनाही २४०च पिना, लांबी पण तीच, फक्त मधली खाच थोडी सरकलेली असते. व्होल्टेज वेगळं, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५. डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८ पिना, तिथे पण खाच वेगळ्या जागी. ती खाच यासाठीच असते की चुकीची रॅम बसूच नये, पण माणूस जोर लावतो आणि मग स्लॉट तुटतो. रॅम दहा वेळा बदलता येते, स्लॉट तुटला की बोर्डच गेला समजा.
ताई, तुम्ही आधी काहीच काढू नका. बाबांच्या पीसीचं बाजूचं झाकण उघडून रॅमवरचं स्टिकर वाचता येतंय का ते पाहा आणि जसंच्या तसं इथे टाका. अभ्यासिकेच्या पीसीचं पण तसंच. त्यात "पीसी" लिहून पुढे एक आकडा असतो तो महत्त्वाचा.

कोराडी_पेन्शनर (शनिवार, रात्री १०:४५)
एक अडाणी प्रश्न विचारतो, राग मानू नका. रॅम म्हणजे मेमरी ना? मंग बाबांच्या पीसीतली मेमरी तिकडे नेली तर त्यांच्या फायली, फोटो तिकडे जातील का? का इकडून पुसल्या जातील? ताईच्या वडिलांचं काम आहे थे, जपाले पाह्यजे.

इतवारी_डीटीपी (शनिवार, रात्री ११:०५)
काका प्रश्न अडाणी नाही, माझ्याकडे येणारे निम्मे लोक हाच विचारतात. असं समजा, इतवारीत किराण्याचं दुकान आहे. गल्ल्यापुढचा काउंटर म्हणजे रॅम, मागचं गोदाम म्हणजे हार्डडिस्क. गिऱ्हाईक आलं की माल गोदामातून काउंटरवर येतो, रात्री दुकान बंद केलं की काउंटर पूर्ण रिकामा. लाईट गेली की रॅममध्ये काहीच उरत नाही. काउंटर उचलून दुसऱ्या दुकानात ठेवला तरी गोदामातला माल जिथल्या तिथे. बाबांचं सगळं काम हार्डडिस्कमध्ये आहे, तिला हात लावायचा नाही. उलट ताई, ती हार्डडिस्क वेगळी काढून जपून ठेवा आणि कधीतरी केसिंगमध्ये टाकून सगळं कॉपी करून घ्या. बोर्ड गेला म्हणजे हार्डडिस्क गेली असं नसतं.

मानेवाडा_ताई (रविवार, दुपारी १२:३०)
सगळ्यांचे आभार. इतवारी ताई, हार्डडिस्कचं तुम्ही बोललात ते फार बरं झालं, मला वाटलं होतं ते सगळं गेलंच.
झाकण उघडलं. आतमध्ये धुळीचा गालिचाच होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात निळ्या पेननी लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली सापडली, "रॅम वाढवली, दोन नग, ऑगस्ट २०१४". थोडा वेळ मी तशीच बसून राहिली.
स्टिकरवर हे आहे: बाबांच्या पीसीत दोन पट्ट्या, दोन्हींवर ४ जीबी, पीसी३-१२८००यू. अभ्यासिकेच्या पीसीत दोन स्लॉट आहेत पण एकच पट्टी, २ जीबी, पीसी३-१०६००यू. दुसरा स्लॉट रिकामा. बोर्डावर एच६१ लिहिलंय, प्रोसेसर आय३ २१२० आहे असं कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. आणि बाबांच्या टेबलच्या खणात अजून एक आखूड पट्टी सापडली, ४ जीबी, पीसी३एल. ती पण चालेल का?

बर्डीचा_भाऊ (रविवार, दुपारी १:१५)
मस्त, असं लिहिलं की काम सोपं होतं. पीसी३ म्हणजे डीडीआर३, दोन्हीकडे तीच आहे. १२८०० म्हणजे १६०० स्पीडची, १०६०० म्हणजे १३३३ ची. शेवटचा यू म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम, तिथे आर असता तर ती सर्व्हरची, तुमच्या बोर्डावर चालली नसती. एच६१ वर दोन स्लॉट मिळून १६ जीबीपर्यंत जातं, त्यामुळे ४ आणि ४ आरामात बसेल.
एक गोष्ट सांगून ठेवतो म्हणजे नंतर घाबरायला नको, तुमचा आय३ २१२० जास्तीत जास्त १३३३ वरच रॅम चालवतो, म्हणजे १६०० वाली पट्टी तिथे १३३३ वर चालेल. नुकसान काही नाही, वेगवेगळ्या स्पीडच्या दोन पट्ट्या लावल्या तरी दोघी कमी स्पीडवालीच्या चालीने चालतात.
आखूड पट्टी लॅपटॉपची आहे, २०४ पिनांची, डेस्कटॉपमध्ये बसणारच नाही. तिच्यातला एल म्हणजे कमी व्होल्टेजवाली, १.३५. लांब पट्टीत एल वाली मिळाली असती तर ती चालली असती कारण ती १.५ वर पण चालते. उलटं मात्र करायचं नसतं, जिथे एल वालीच मागितली आहे तिथे साधी १.५ वाली टाकू नये.

संत्रावाडी (रविवार, दुपारी १:४०)
भाऊ बरोबर आहे तुमचं, मी घाईत लिहिलं. माझ्याकडे दोन्ही पीसी डीडीआर४ चे होते म्हणून मला कधी अडचण आली नाही, सगळ्यांचं तसंच असेल असं धरून चाललो. ताई, माझं वरचं ऐकू नका, भाऊंचं ऐका.

हिंगणा_रोड (रविवार, दुपारी २:१०)
मी इंजिनिअरिंगला आहे, एक शंका. तो पीसी वीज कडाडल्यावर बंद पडला आहे ना, मग बोर्डाबरोबर रॅमला पण मार बसलेला असू शकतो. अशी रॅम कधी कधी चालू होते, डेस्कटॉप दिसतो, आणि मग मधेच निळा स्क्रीन येतो किंवा फायली खराब सेव्ह होतात. अभ्यासिकेत फॉर्म भरताना असं झालं तर आणखी वाईट. म्हणून मेमटेस्ट८६प्लस, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, चालवल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका. फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरून पीसी सुरू करायचा, विंडोज लागत नाही. एकेक पट्टी वेगळी तपासायची. त्यात एकही लाल ओळ आली तर ती पट्टी बाद.

कोराडी_पेन्शनर (रविवार, दुपारी ४:००)
हे मी सांगतो कारण लाईटचं काम माझं. नुसतं शटडाऊन करून हात घालायचा नाही. पीसी बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असलं तर एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बोर्डाला ५ व्होल्ट देतच राहते, बोर्डावर बारीक लाईट जळत दिसते थेच. अशात रॅम ओढली तर रॅम पण जाईल आणि बोर्ड पण. म्हणून बटण बंद करा, वायर मागून काढून टाका, आणि मंग पुढचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, आतली उरलेली वीज निघून जाते.
काही लोक म्हणतात वायर लावून ठेवा म्हणजे अर्थिंग मिळते. आपल्या जुन्या घरांमध्ये तिसऱ्या पिनीले अर्थिंग नुसतं नावाले असते, मी आयुष्यभर पाहिलं आहे. त्या भरवशावर राहू नका.

बर्डीचा_भाऊ (रविवार, सायंकाळी ६:३०)
काकांनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात एक भर घालतो, सध्या नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे, आपल्याकडची हवा हाडासारखी कोरडी आहे, आणि अशा कोरड्या हवेतच अंगात स्टॅटिक वीज जमते. नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरची ओढणी घालून हे काम करू नका, सुती घाला. गादीवर, सतरंजीवर पीसी ठेवू नका, लाकडी टेबल चांगलं. आणि रॅमला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा, मधून मधून लावत राहा. रॅम दोन कडांनी धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट नको.
अजून एक, कूलर चालू असला तर तो पीसीकडे तोंड करून नसावा. कूलरची ओली हवा आणि आपलं जड पाणी यांनी सोनेरी पट्ट्या काळपट पडतात, उन्हाळ्यानंतर "डिस्प्ले येत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पीसींमध्ये अर्ध्यांना रॅम पुसून परत बसवणं एवढंच लागतं. लोक म्हणतात रॅम गेली. चांगली रॅम सहसा जात नाही हो, संपर्क जातो.
पुसायला पांढरा मऊ खोडरबर, पेन्सिलीचा, शाईचा खरखरीत नको. पट्टीच्या वरून खाली हलक्या हाताने, मग भुगा ब्रशने झाडून टाकायचा, तो स्लॉटमध्ये जाऊ द्यायचा नाही. त्याहून चांगलं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं, सुती कापडावर दोन थेंब. पॉलिश पेपर तर चुकूनही नको, वरचं सोनं उडतं.

मानेवाडा_ताई (सोमवार, रात्री ८:५०)
आज केलं. सुती सलवार कुर्ता घातला, वायर काढली, बटण दहा सेकंद दाबलं, सगळं काकांनी सांगितलं तसं. बाबांच्या पीसीतून दोन्ही पट्ट्या निघाल्या. सोनेरी भागावर खरंच काळसर थर होता, खोडरबर फिरवल्यावर असा चमकला की काय सांगू. भाचा बाजूला टॉर्च धरून उभा होता.
मग अभ्यासिकेच्या पीसीतली २ जीबी काढली, दोन्ही ४ वाल्या टाकल्या, चालू केलं तर पंखा फिरतो पण स्क्रीन काळी आणि लांब लांब बीप येऊन राहिली आहे. एक लांब, मग थांबते, परत एक लांब. माझे हातपाय गार पडले आहेत. काय करू? पीसी बंद करून ठेवला आहे.

बर्डीचा_भाऊ (सोमवार, रात्री ८:५८)
ताई घाबरू नका, बीप येतेय म्हणजे बोर्ड जिवंत आहे, तो सांगून राहिला आहे की रॅम दिसत नाही. काहीच आवाज नसता तर मला काळजी वाटली असती.
वायर काढा. दोन्ही पट्ट्या काढा. फक्त एकच टाका, प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्ये. खाच जुळवा, मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या खटक्या आपोआप बंद व्हायला पाहिजेत, "टक" असा आवाज येतो. नवीन माणसाचं नेहमी एक टोक बसतं आणि दुसरं केसभर वर राहतं. टॉर्चने आडवं पाहा, सोनेरी पट्टीची रेघ दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूने जास्त दिसली तर बसली नाही.

हिंगणा_रोड (सोमवार, रात्री ९:०२)
तरी नाही झालं तर बोर्डावरची गोल बॅटरी काढा, सीआर२०३२ असते, पाच मिनिटं थांबून परत लावा. त्याने जुनी सेटिंग पुसली जाते आणि बोर्ड रॅम नव्याने ओळखतो. तारीख-वेळ तेवढी परत टाकावी लागेल, नाहीतर वेबसाईटी सर्टिफिकेटचा एरर देतात.

मानेवाडा_ताई (सोमवार, रात्री ९:४५)
आलं! आलं! एका बाजूने खरंच वर होती, टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं. दाबली तर टक वाजलं. मला वाटत होतं एवढा जोर लावला तर मोडेल म्हणून मी हलकेच दाबलं होतं. बॅटरी काढायची गरज पडली नाही. भाऊ, तुमचे फार उपकार.
आधी एकच टाकून पाहिली, मग दुसरी. दोन्ही टाकल्यावर चालू झाला. पण आता प्रॉपर्टीजमध्ये लिहून येतंय ८ जीबी आणि त्यापुढे वापरता येण्यासारखी ३ पॉइंट काहीतरी. मग ८ टाकून काय फायदा?

इतवारी_डीटीपी (सोमवार, रात्री १०:१०)
ताई, तिथेच खाली सिस्टिम टाईप लिहिलेलं असेल ते पाहा. माझी पैज आहे ३२ बिट असणार. २ जीबी असताना ज्याने विंडोज टाकलं त्याने हलकं पडावं म्हणून ३२ बिट टाकलं असेल. ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढचं वापरता येत नाही, आणि त्या ४ मधलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेला जातो. तुमचा प्रोसेसर ६४ बिट आहे, तेव्हा ६४ बिट विंडोज टाकलं की सगळी दिसेल. पण ३२ वरून ६४ ला नुसतं अपग्रेड होत नाही, कोरं टाकावं लागतं, म्हणून पोरांच्या फायली आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सेटअप आधी पेनड्राइव्हवर काढा. विंडोज १० चं लायसन्स ३२ आणि ६४ दोन्हीला तेच चालतं, नवीन घ्यायची गरज नाही.
मीच येते गुरुवारी, मानेवाड्याला माझी बहीण राहते. पैशाचं बोलूच नका.

हिंगणा_रोड (सोमवार, रात्री १०:३०)
त्याआधी मेमटेस्ट, ताई. खराब रॅमवर विंडोज टाकलं तर इन्स्टॉल करतानाच फायली बिघडतात आणि मग दोष कुठे आहे ते कळत नाही.

मानेवाडा_ताई (बुधवार, रात्री ९:१५)
दोन दिवस मेमटेस्ट चालवलं. हिंगणा भाऊ, तुमची शंका खरी निघाली. पहिली पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये पूर्ण फेरी झाली, एकही चूक नाही, खाली पास लिहून आलं. दुसरी लावली तर दहा मिनिटांत लाल ओळी धावायला लागल्या. परत पुसली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तरी तेच. म्हणजे स्लॉटचा दोष नाही ना?

बर्डीचा_भाऊ (बुधवार, रात्री ९:४०)
नाही, दोन्ही स्लॉटमध्ये पहिली पास आणि दुसरी फेल म्हणजे पट्टीच गेली. विजेचा मार तिला बसला. तिच्यावर लाल मार्करने फुली मारा आणि चांगल्या पट्ट्यांमध्ये ठेवू नका, वर्षाने कोणीतरी हौसेने काढून लावेल.
आता एक चांगली ४ जीबी आणि तुमची जुनी २ जीबी, दोन्ही लावा. ६ जीबी होईल. सारख्या नसल्या तरी एच६१ वर चालतं, ४ मधली २ आणि जुनी २ असं जोडीने चालतं आणि ४ मधली उरलेली २ एकटी चालते. फॉर्म भरायला, टायपिंगला, पीडीएफ वाचायला पुरेशी आहे. जुनी २ वाली पण एकदा मेमटेस्टमधून काढा. ६ साठी पण ६४ बिटच लागेल, ते इतवारी ताई करून देतील. सध्या नवीन रॅमचे भाव चढलेले आहेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळा माल उचलला आहे, त्यामुळे विकत घेऊ नका. दुकानात एखादी तपासलेली ४ जीबी डीडीआर३ निघाली तर मी अभ्यासिकेसाठी बाजूला काढून ठेवतो.

कोराडी_पेन्शनर (गुरुवार, सकाळी ७:२०)
आणि त्या खोलीच्या लाईटच्या बोर्डाची अर्थिंग मी येऊन पाहून देतो. टेस्ट लॅम्प घेऊन येतो. पावसाळा तोंडावर आहे, मागच्या वेळी विजेनं बाबांचा पीसी गेला, याचा जाऊ देऊ नका. ढग गरजले की पोरांना सांगा, प्लग काढायचा, नुसतं बटण नाही.

मानेवाडा_ताई (शुक्रवार, रात्री १०:०५)
झालं सगळं. इतवारी ताई काल चार तास बसल्या, ६४ बिट टाकलं, आता ६ जीबी पूर्ण दिसते. जुनी २ वाली पण पास झाली. काकांनी पाहिलं तर समाजभवनाच्या त्या बोर्डाला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, आज जोडून दिली, वर चहा पण घेतला नाही.
ज्या पोरीचा फॉर्म अटकला होता तीच आज पहिल्यांदा बसली. ब्राउझर, टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि एक पीडीएफ असं तिन्ही उघडं ठेवून तिने उतारा टाईप केला, मिनिटाला २८ शब्द आले, परीक्षेला ३० पाहिजेत.
बाबांची चिठ्ठी मी सोडवून अभ्यासिकेच्या कॅबिनेटच्या आत लावली आहे. तिच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं, "यातली एक इथे आहे."